उणे तीनची रात्र

एप्रिल संपत आलाय, आणि रेडिओवरचा माणूस
कुणाच्या वाढदिवसाची तारीख सांगावी तसं सांगतो:
पहाटे उणे तीन.
एल्बेकाठच्या या सपाट मुलखात
आज कुणी अंथरुणाला पाठ टेकणार नाही.
सफरचंदं ऐन बहरात आहेत.

हिनर्क इस्पितळात, नव्या गुडघ्यासह.
पंप यंदा थाडेकडे. एकोणीस वर्षांचा.
वडिलांचे गमबूट घालून गेलाय, दोन नंबर मोठे.
जाताना म्हणाला, तू झोप.
मी ओव्हन लावला.

फडताळात शेवटची बरणी: गेल्या ऑक्टोबरच्या
बोस्कोपच्या चकत्या, दोऱ्यात ओवून
शेगडीमागे वाळवलेल्या, कानाच्या पाळीसारख्या मऊ.
बिस्किटात ताज्या फोडी घालू नयेत,
पाणी सुटतं, कुरकुरीतपणा जातो.
सासूबाई हे इतक्यांदा सांगायच्या
की एकदा मी मुद्दाम ताज्याच घातल्या.
त्यांचंच खरं होतं. त्यांना कळू दिलं नाही.

चकत्या कात्रीनं कापते.
लोण्यात साखर फेसते, काळसर, काकवीच्या वासाची.
दालचिनी मोजून. लवंग चिमटीनं, तीही कंजूष चिमटीनं.
वेलदोड्याला मात्र हात सढळ.
जायफळ किसणीवर दोनदा;
तिसऱ्यांदा हात आपोआप थांबतो.

फोन उजळतो: "शून्य पॉइंट चार."
एवढंच. मुलगा बापावर गेलाय,
शब्दाला जणू भाडं पडतं.
गोळे करते, काट्याच्या पाठीनं दाबते.
"शून्य. सुरू केला."
आणि खिडकीपलीकडे अंधारात
फवारे बोलायला लागतात,
टिक् टिक् टिक् टिक्.

गारठ्यावर पाणी मारायचं! मी वरच्या कोरड्या गावची,
लग्न होऊन आले तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं.
हिनर्कनं समजावलं होतं, बांधावर उभं राहून:
पाणी गोठताना आपल्या अंगची ऊब सोडतं,
तेवढ्या उबेवर फूल रात्र काढतं.
फक्त मध्येच थांबायचं नाही.
थांबलात, तर तोच बर्फ त्याला गिळतो.
लग्नाबद्दल तो एवढं कधीच बोलला नाही.

पहिला ट्रे बाहेर. दुसरा आत.
साडेतीन. "उणे दोन पॉइंट आठ."
आणि टिकटिक बंद.

आधी कान उठतात, मग मी.
पायात काय घातलं, आठवत नाही.
चराच्या काठी थाडे पोटावर आडवा,
खांद्यापर्यंत हात पाण्यात,
जाळीत अडकलेलं शेवाळ उपसतोय, मूठ मूठ.
मी टॉर्च धरते. उजेड हलतो, तो काही म्हणत नाही.
मग एक शिवी देतो, बापाचीच, त्याच सुरात,
आणि पंप खोकतो, पुन्हा खोकतो,
घसा साफ करतो.
टिक्.

किती मिनिटं गेली?
तो म्हणतो सहा. मी म्हणते नऊ.
खरं काय ते जूनमध्ये कळेल, फळ धरेल तेव्हा.

घरात धूर. दुसरा ट्रे कोळसा.

उजाडताना बाग काचेची.
एकेक फूल आपापल्या बर्फात बसलेलं,
पाकळी, पराग, सगळं दिसतं,
हात पोचत नाही.
थाडे पायरीवर. बोटं लाल, वळत नाहीत.
चांगली बिस्किटं समोर ताटलीत ठेवलीत,
तरी तो आत जाऊन करपलेलं घेऊन येतो.
"कडू आहे," म्हणतो,
आणि दुसरं आणायला उठतो. तेही काळंच.

सात वाजता हिनर्कचा फोन.
पंपाचं सांगते, शेवाळाचं सांगते,
मिनिटं सांगत नाही.
तो बराच वेळ गप्प.
मागे कुणाची तरी ट्रॉली खडखडत जाते.
"सफरचंद कुठलं घातलंस?"
"बोस्कोप. शेवटची बरणी."
"मग लिंबू नसेल लागलं."
"नाही लागलं."
"चार ठेव मला."

ऊन चढून बर्फ गळेपर्यंत फवारे थांबवायचे नाहीत.
टिकटिक चालूच आहे.
मी डबा पुसते, तळाला कागद घालते,
चार ठेवते.
तीन चांगली, एक काळं.